पाणी तोडलेली बाग

त्या हिवाळ्यात मी प्रार्थनेला गुडघे टेकले की मला झोप लागायची. डोळे मिटून ‘हे प्रभू’ म्हणायचं, आणि पुढचा शब्द सुचायच्या आत मान खाली. आमचे हे एकदा मागून म्हणाले, "अगं, देवाला घोरणं तरी ऐकवू नकोस." मी हसले, पण ते लागलं मला. कारण झोप ही वरवरची गोष्ट होती. खरं म्हणजे मला देवाशी बोलायचा कंटाळा आला होता. असं लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

रेणापूरची आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान. पाळकसाहेब लातूरहून येतात, त्यामुळं मधल्या वारी सगळा कारभार माझ्याच गळ्यात. आजारी माणसाच्या घरी प्रार्थनेला मी, भगिनी मंडळाची सभा मी, नाताळचा कार्यक्रम मी, आणि चर्चची फरशी पुसायला कुणी आलं नाही तर तीही मीच. शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांची रविवारची शाळा, तर कितीतरी वर्षांपासून माझ्याकडं आहे. बायबलातली आत्म्याची फळं, म्हणजे नऊ सद्गुण, शिकवायला मी पुठ्ठ्याची नऊ फळं कापून रंगवली होती. प्रीतीचा आंबा, आनंदाचं सीताफळ, शांतीचं केळं. सहनशीलतेसाठी मोसंबी घेतली, कारण आमची घरामागं मोसंबीची बाग आहे. पोरं ती गळ्यात अडकवून ओळीनं उभी राहायची आणि आपापल्या फळाचं नाव सांगायची. सगळ्यात जास्त दोरी तुटायची ती त्या मोसंबीचीच. ह्यांना ती गोष्ट फार आवडायची. मी घरात चिडले की म्हणायचे, "दोरी तुटली वाटतं."

आणि मी फार चिडायची. चर्चमध्ये गोड, घरात आंबट. कुणी कामाला बोलावलं की तोंडातून ‘हो’ जायचं आणि वाटेनं मनात त्याच माणसाला शिव्या. पोरांना फळं शिकवून शिकवून माझ्या वाट्याला नुसता पुठ्ठाच आला की काय, असं वाटायला लागलं होतं. कुणाला सांगणार? सगळे माझ्याकडंच आपली दुखणी घेऊन यायचे.

त्यातच उमरीहून अक्काची बातमी आली. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ज्वारीची भाकरी फुगवायला तिनंच शिकवलं, आणि फुगली नाही की साऱ्या गल्लीला सांगितलंही तिनंच. जीभ म्हणजे विळी. पण मनानं कोती नव्हती. मोठे भाऊजी, म्हणजे तिचे मालक, आजारी पडले तेव्हा मंडळीतल्या काहींनी तिला सांगितलं होतं की, विश्वास धर, हे नक्की उठून बसतील. भाऊजी गेले. तेव्हापासून अक्का चर्चची पायरी चढली नाही. लेकरूबाळ नव्हतं. "तुमच्या प्रार्थना तुमच्याजवळच असू द्या," म्हणाली आणि माहेरी, उमरीला भावाच्या दारी जाऊन राहिली. शिलाईवर आपलं आपण भागवायची. सणासुदीला आम्ही जायचो, ती चहा द्यायची, बोलायची मोजकंच.

तिच्या भाच्यानं फोन केला होता. आत्याच्या गळ्यात गाठ निघाली, कॅन्सर आहे, नांदेडच्या डॉक्टरांनी मशीनवर किरणांचा शेक घ्यायला सांगितलंय. शेक वेळेत सुरू केला आणि मधे खंड पडू दिला नाही तर बरी होईल म्हणतात. पण नांदेडला तिच्याजवळ राहायला कुणी नाही. भावजयीचे गुडघे गेलेले, भाच्याची दुकानातली नोकरी. अक्का म्हणते, कुणी नसलं तर मला शेकही नको. ह्यांनी फोन हातानं झाकून माझ्याकडं बघितलं. माझं ‘हो’ कधी निघून गेलं ते मलाच कळलं नाही. सवयच ती.

निघायच्या आधी मी बागेत गेले. मोसंबीचं ज्याला माहीत नाही त्याला आमच्याकडची रीत विचित्र वाटेल. हिवाळ्यात आम्ही बागेचं पाणी तोडतो. विहिरीत पाणी असलं तरी द्यायचं नाही. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतातही. बघणाऱ्याला वाटतं, गेली बाग. तसंच राहू द्यायचं. मग संक्रांतीच्या पुढं चाळणी करून, म्हणजे वरची माती हलकी उकरून, खत घालून पाणी सोडलं की अख्खं झाड पांढऱ्या फुलांनी भरतं आणि घरापर्यंत वास येतो. पण मधेच कुणी दया येऊन पाणी दिलं की झालं वाटोळं. झाड जागं होतं, कोवळी पालवी फुटते, हिरवंगार दिसतं, आणि फूल काही धरत नाही. ह्यांचा सारा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला, बाग मीच बघते. म्हणून मी ह्यांना बजावलं, "काही झालं तरी विहिरीच्या मोटारीला हात लावू नका." हे म्हणाले, "मी काय लहान हाय?"

नांदेडला लांबून येणाऱ्या पेशंटला त्या दवाखान्यात वॉर्डातच ठेवून घेत. अक्काची खाट खिडकीजवळ होती. मला बघून ती म्हणाली, "आलीस? तुझ्या मंडळीचं कसं व्हायचं आता?" बस, एवढंच स्वागत. रोज सकाळी तिला खाली मशीनच्या खोलीत न्यायचं, नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं, आणि वर आणून पेज भरवायची. सुरुवातीला ती चालत जायची. पुढं गळा आतून सोलवटला, थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी यायचं. मग पेजेचा पेला हातात घेतला की ती भिंतीकडं तोंड करायची.

आणि मी काय करत होते? सेवा. दुसरं मला येतंय काय? अक्का पडून राहिली की मला स्वस्थ बसवायचं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईची वेणी घाल, पलीकडच्या आजोबांना चहा आणून दे, कुणाच्या लेकीला औषधाचं दुकान दाखव. नाताळात मी वॉर्डाच्या दाराला कागदी चांदणी लावली, सगळ्यांना केकचे तुकडे वाटले, ज्यांना चालेल त्यांच्यासाठी प्रार्थना केली. सिस्टर म्हणायच्या, मावशी तुम्ही आल्यापासून वॉर्ड कसा भरल्यासारखा वाटतो. हे ऐकून जरा बरं वाटायचं, आणि संध्याकाळी पाय असे ठणकायचे की रडू यायचं. अक्का सगळं बघायची. एकदा म्हणाली, "ह्या वॉर्डाची तू कलेक्टरीण झालीस का गं?" मी ते हसण्यावारी नेलं.

पंधरवडा उलटून गेला असेल. एका सकाळी ह्यांचा फोन आला. आवाज चोरट्यासारखा. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाले, "बागेकडं बघवंना गं. पानं गळून राहिली होती. मला वाटलं मरतात आता झाडं. परवा पाणी सोडलं."

मी वॉर्डाच्या जिन्यात उभी होते. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण खालून वर येणारा वॉर्डबॉय थांबून माझ्याकडं बघायला लागला एवढं आठवतं. वर्षाचा बहार गेला होता. माझ्या डोळ्यांपुढं ती बाग आली, कोवळ्या पानांनी मिरवणारी, आणि ती काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. कशामुळं ते तेव्हा कळलं नाही. फोन ठेवून तशीच आत आले, आणि त्या दिवशी शेकाचा नंबर उशिरा होता म्हणून आधीच पेजेचा पेला अक्कापुढं धरला. तिनं तोंड फिरवलं. मी म्हणाले, "घे ना गं आता, मला दुसरी कामं न्हाईत का?"

अक्कानं पेला हातानं बाजूला सारला. पेज माझ्या पातळावर सांडली. गळा धरून एकेक शब्द काढत ती म्हणाली, "हायेत की. तुला लई कामं हायेत. तू माझ्यासाठी न्हाई आलीस. देवाला दाखवायला आलीस. तुझ्या पुठ्ठ्याच्या फळातलं मी एक."

पातळ पुसलं, पिशवीत दोन कपडे कोंबले, सिस्टरला सांगितलं की मी गावाकडं जाऊन येते. ‘येते’ म्हणाले, पण यायचं माझ्या मनात नव्हतं. मला सगळ्यांचा वीट आला होता. अक्काचा, ह्यांचा, मंडळीचा, आणि ज्यानं मला हे सगळं दिलं त्याचाही. ऑटोत बसून मी त्याला एवढंच म्हणाले, आता माझ्याकडून काही मागू नकोस. गेल्या कित्येक महिन्यांतली ती माझी पहिली खरी प्रार्थना असावी.

बसस्टँडवर लातूरची गाडी लागायची होती. फलाटासमोरच्या बाकावर मी बसले. शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्याहून वयानं मोठी, काळा बुरखा वर केलेला, हातात जेवणाचा डबा आणि त्यावर बांधलेला टॉवेल. चेहऱ्यावरून ओळखलं मी, ही पण दवाखान्यातली. दवाखान्यात राहणाऱ्या माणसांचे डोळे वेगळे दिसतात. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बहन, जरा तुमच्या खांद्याला टेकू का? लेकीचं ऑपरेशन झालं. दोन दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई. आता घरी जाऊन डबा आणायचा हाय परत. बसल्या जागी पडून जाईन असं वाटून राहिलं."

मी बरं म्हणाले. ती टेकली, आणि बोलायच्या आत तिला झोप लागली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. डबा घसरायला लागला तसा मी तो तिच्या मांडीवरून घेऊन माझ्या मांडीवर धरला. पुढं काय करावं मला सुचेना, कारण करायला काही नव्हतंच. हलले तर ती जागी होईल. पाणी प्यायचं म्हटलं तर बाटली दुसऱ्या बाजूला. सवयीनं मनात आलं, तिला विचारावं कोणता दवाखाना, काही औषधं लागतात का, प्रार्थना करू का. पण झोपलेल्या माणसाला काय विचारणार? तेवढ्यात लातूरची गाडी लागली. कंडक्टर ओरडून ओरडून प्रवासी भरत होता. मी पिशवीकडं बघितलं, बाईकडं बघितलं. तिचं तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. मी बसूनच राहिले. गाडी भरली आणि गेली.

गाडी गेल्यावर मला रडू आलं. आवाज न करता, कारण आवाज केला तर खांदा हलला असता. पण त्या रडण्यात राग नव्हता. कितीतरी दिवसांनी मी कुणासाठी काही न करता नुसती बसले होते, आणि माझ्याजवळ एका दमलेल्या जिवाला झोप लागली होती. तिनं माझं नाव विचारलं नव्हतं, माझी सेवा बघितली नव्हती. तिला खांदा पाहिजे होता, आणि मी तिथं होते. लहानपणापासून ऐकलेली ती येशूची वेलीची आणि फाट्याची, म्हणजे तिच्या फांदीची, शिकवण मला आठवली. फाट्यानं काय करायचं असतं? वेलीला धरून राहायचं. मी ही शिकवण पोरांना हातवारे करून शिकवली होती. धरून राहणं म्हणजे काय हे मात्र मी फाट्यासारखं कधी करून बघितलं नव्हतं, कारण मला राहणंच माहीत नव्हतं. आणि घरची बाग आठवली. मघाशी ती डोळ्यांपुढून का हलेना, हे आता कळलं. मीही तशीच होते. प्रभूनं माझं पाणी तोडलं की मी लगेच घाबरून स्वतःच आपल्याला पाणी घालायची, आणखी एक सभा, आणखी एक घर, आणखी एक चांदणी. हिरवीगार दिसायची. तो मला थोडं निजवायला बघत होता आणि मी निजत नव्हते.

बाई जागी झाली तेव्हा ऊन फलाटावर आलं होतं. ती ओशाळली, पदर सावरावा तसा बुरखा सावरला, आणि म्हणाली, "तुमची गाडी तर गेली न्हाई ना बहन?" मी म्हणाले, "माझी गाडी अजून यायची हाय." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "अल्ला तुम्हाला सुखी ठेवो. लई दिसांनी सुकून भेटला." डबा घेऊन ती गर्दीत गेली. नाव राहिलं विचारायचं. मी पण पिशवी उचलली आणि दवाखान्याकडं जाणारी ऑटो पकडली.

वॉर्डात आले तर अक्का खाटेवर पाय खाली सोडून बसलेली. शेजारी गाठोडं बांधून तयार. डोक्यावरून शाल, पायात चप्पल. त्या दिवशीचा शेक तिनं घेतलाच नव्हता. सिस्टर समजावून थकल्या होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई हळूच म्हणाली, उमरीच्या गाडीला निघाल्यात, भाच्याला फोन करून बोलावून घेतलंय, तो खाली ऑटो बघायला गेलाय. मी त्या गाडीनं लातूरला गेले असते तर संध्याकाळपर्यंत अक्का उमरीत असती, आणि एकदा गेलेली अक्का परत आली नसती. ती कशी आहे ते मला माहीत आहे. यापुढं मी काही म्हणत नाही. जसं झालं तसं सांगितलं.

एरवी मी लगेच बोलायला लागले असते. डॉक्टरांनी काय सांगितलं, खंड पडला तर काय होईल, देवावर भरवसा ठेव. जिभेवर आलंही होतं सगळं. पण मी गाठोडं थोडं सरकवलं आणि तिच्याशेजारी खाटेवर बसले. पाय खाली सोडून, तिच्यासारखेच. बोलले नाही. हात धुवायला उठले नाही, पलीकडच्या आजोबांनी चहासाठी बघितलं तरी उठले नाही. भाचा वर आला, आम्हाला बघून दारातच थांबला. अक्कानं तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघितलं.

"गेली न्हाईस व्हय?"

"न्हाई."

"का?"

"बसावं वाटलं तुझ्याजवळ."

ती पुन्हा समोर बघायला लागली. मग तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मुद्दाम की थकव्यानं, देव जाणे. ती भाऊजींबद्दल बोलायला लागली. घोगऱ्या, फाटक्या आवाजात. ते शेवटी काय म्हणाले, त्यांना कसली भूक लागायची, आणि ते गेल्यावर सगळे तिला शास्त्र समजावत होते पण तिच्याजवळ नुसतं बसलं कुणीच नाही. मी ऐकत राहिले. बोलून झाल्यावर तिनं नाक पुसलं, चप्पल नीट घातली आणि म्हणाली, "चल. मशीन बंद करतील ते." भाच्यानं ऑटोवाल्याला परत पाठवलं.

त्यानंतर शेक संपेपर्यंत एकही दिवस खंड पडला नाही. माझं फार काही बदललं असं नाही. दमत होतेच, चिडतही होते. पण रिकामी बसायला शिकले. अक्का झोपली की मी तिच्या पायथ्याशी बसायची. प्रार्थनेला शब्द नसले तर नसू द्यायचे, झोप आली तर येऊ द्यायची. एक दिवस पेज गिळता गिळता तिनं विचारलं, "ती मोसंबी कशाचं फळ होती गं, तुझ्या पुठ्ठ्यातलं?" मी म्हणाले, "सहनशीलतेचं." अक्का म्हणाली, "व्हय. ते तुला जमत न्हाई." आणि आम्ही दोघी हसलो. तिला हसताना गळा दुखत होता तरी हसली.

शेक संपल्यावर मी तिला उमरीला न पाठवता रेणापूरला घेऊन आले. ती नाही म्हणाली नाही. दारात हे मान खाली घालून उभे. मागं बाग हिरवीगार, पाना-पानावर चकाकी, आणि फुलाचा पत्ता नाही. हे म्हणाले, "आता काय बोलायचं ते बोल." मरणाऱ्या झाडाची दया आली माणसाला, त्यात त्याचं काय चुकलं? मी म्हणाले, "चहा टाका, अक्काला कोमट लागतो." हे माझ्याकडं बघतच राहिले.

ते वर्ष तसंच गेलं. अक्का अंगणात बसायची, शिलाई करायची, गिळता यायला लागलं तसं माझ्या भाजीला नावं ठेवायची. तपासणीत डॉक्टर ठीक म्हणत होते. रविवारी आम्ही चर्चला निघालो की ती दारापर्यंत यायची आणि आत जायची. मी कधी ‘चल’ म्हणाले नाही. जिभेवर यायचं, पण गिळायची.

दिवाळीनंतर आमच्याकडं हंगामाचा सण असतो. ज्याच्या त्याच्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक लोक आणतात. पाळकसाहेब एकेका घराचं नाव घेतात, त्या घरातलं माणूस उठून आपलं पीक वेदीपुढं मांडतं. नंतर आवारात त्याचा लिलाव होतो. दरवर्षी आमच्या घरची दुरडीभर मोसंबी असायची, आणि ती बघून बायका ‘अगंबाई’ म्हणायच्या, ते मला आवडायचं. यंदा झाडावर काहीच नव्हतं. शहरातली मंडळी बाजारातून भोपळा विकत घेऊन वेदीपुढं ठेवतात, हे काही लपून नाही. लातूरला फळबाजारातून चार डझन मोसंबी आणाव्यात, असं माझ्याही मनात येऊन गेलं. ह्यांना पिशवीही दिली होती. मग परत घेतली. नाही तर नाही. नाव घेतील तेव्हा बसून राहायचं.

सणाच्या सकाळी मी साडी नेसत होते, तर अक्का आतून आली. भाऊजींनी घेतलेली निळी साडी नेसलेली, केस चापून बसवलेले. म्हणाली, "आवर की. तुझ्यामुळं उशीर होईल." ह्यांच्या हातातला कंगवा खाली पडला. मंडळीतली जुनी माणसं तिला बघून कुजबुजली, मग जागा करून दिली. ती माझ्या शेजारी बसली.

वेदीपुढं ज्वारी, तूर, भोपळे, शेपू-पालकाच्या जुड्या, एक पाय बांधलेली कोंबडी. एकेक घराचं नाव निघत होतं. आमच्या घराचं नाव आलं. मी मान खाली घालून बसले होते. पाळकसाहेबांनी क्षणभर वाट बघितली आणि पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. अक्का उठली. रिकाम्या हातानं, हळूहळू पावलं टाकत पुढं गेली, भोपळ्यांच्या आणि ज्वारीच्या मधे जागा बघितली आणि तिथं मंडळीकडं तोंड करून उभी राहिली.

त्या शेकलेल्या गळ्यातून आवाज येईना. तिनं गळ्याला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला.

"ह्यांच्या घरचं यंदाचं पीक मी हाय," ती म्हणाली. "मांडून घ्या."

मग ती पाळकसाहेबांकडं वळून म्हणाली, "फक्त लिलावात काढू नका साहेब. मला घेणारं कुणी न्हाई." आणि सगळं चर्च हसलं आणि रडलं एकाच वेळी. पाळकसाहेबांनी भोपळ्याची टोपली बाजूला सरकवून तिला खुर्ची दिली. ती सगळी उपासना तिथंच बसली, पिकात. मला डोळ्यांतल्या पाण्यामुळं ती नीट दिसतही नव्हती.

त्या दिवसापासून मला कुणी फळाबद्दल विचारलं की मी फार सांगत नाही. ते आपल्या जोरावर धरत नाही एवढं मला कळलं आहे. ज्या वर्षी माझी बाग वाया गेली, मंडळीची कामं सुटली, माझी प्रार्थना आटली, त्याच वर्षी प्रभूनं माझ्या घरात पीक घेतलं. मी फक्त एका बाकावर बसून राहिले होते, तेही समोरची गाडी जाऊ देऊन. बसस्टँडवरच्या त्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिच्या लेकीसाठी मात्र मी रोज प्रार्थना करते. शब्द नसले तरी करते.

आता पुन्हा हिवाळा आला आहे. बागेचं पाणी तोडलंय. पानं पिवळी पडून राहिलीत, आणि हे रोज दोनदा जाऊन बघून हळहळतात. मोटारीच्या पेटीची किल्ली अक्कानं आपल्या कमरेला खोचून ठेवली आहे. हे किल्ली मागतात तेव्हा ती ह्यांना म्हणते, "भाऊजी, त्याचं तो बघून घेईल. तुम्ही चहा प्या." मीही तिच्याशेजारी उन्हात बसते. थकवा अजून आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण मी आता देवाच्या हातात आहे, आणि त्याला घाई नाही. प्रभू, तुझे आभार.